तुम्ही विचारलंत म्हणून : आता पूर्वीसारख्या झालात ना?

जिन्यात, फोनवर, कुणाच्या घरी गेले की दारातच हा प्रश्न येतो. ‘आता अगदी पूर्वीसारख्या झालात ना?’ विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते आणि ‘हो’ ऐकायची थोडी घाईही असते. मी बहुतेक वेळा ‘हो, बरी आहे’ म्हणून पुढे जाते, कारण खरं उत्तर जिन्यात उभ्या उभ्या देण्यासारखं नाही. तुम्ही मात्र शांतपणे बसून विचारलंत, म्हणून आज सगळं सांगते.

पूर्वीसारखी मी झालेले नाही आणि होणारही नाही. हे रडगाणं नाही. माझ्या अंगात आज जे रक्त आहे ते माझ्या दादाच्या पेशींतून तयार होतं. आजारपणाआधी माझा रक्तगट बी पॉझिटिव्ह होता, आता तो ओ पॉझिटिव्ह आहे. माझ्या रक्तपेशींतली गुणसूत्रं तपासली तर तिथे एक्स आणि वाय सापडतात, म्हणजे पुरुषाची. त्वचा, डोळे, आतडी, यकृत हे सगळं माझं, आणि त्यांच्यामधून फिरणाऱ्या पेशी दादाच्या. या दोघांना एका घरात नांदायचं आहे. माझं बरं होणं म्हणजे ते नांदणं, आणि नांदायला वेळ लागतो.

मला ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया झाला होता. हा रक्ताचा कर्करोग भराभर वाढतो. केमोने तो आटोक्यात आला, पण माझ्या प्रकारात तो उलटण्याची शक्यता मोठी होती, म्हणून डॉक्टरांनी ट्रान्सप्लांट सुचवला, म्हणजे दुसऱ्या माणसाच्या रक्त तयार करणाऱ्या पेशी माझ्या अंगात घालायच्या. सख्ख्या भावंडाच्या पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. मला एकच भाऊ, आणि तो जुळला.

‘ऑपरेशन किती तास चाललं?’ असंही पुष्कळजण विचारतात. यात ऑपरेशन नसतंच. दादाला पाच दिवस इंजेक्शनं दिली, हाडांतल्या मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून रक्त तयार होतं त्या, रक्तात उतराव्यात म्हणून. त्या दिवसांत त्याची कंबर आणि छातीचं हाड ठणकत होतं, हे त्याने मला कितीतरी महिन्यांनी सांगितलं. मग तो एका यंत्राशेजारी चार-पाच तास हात न हलवता पडून होता. एका हातातून रक्त बाहेर, यंत्रात मूळपेशी वेगळ्या, उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत आत. इकडे मला कंडिशनिंगची जबर केमो चालू होती. तिची दोन कामं : माझी जुनी अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा मगज, रिकामी करायची, आणि नव्या पेशींना हुसकून लावणार नाही इतकी माझी प्रतिकारशक्ती खाली आणायची. ते दिवस उलटे मोजतात. उणे सहा, उणे पाच, उणे चार. मग शून्य.

शून्याच्या दिवशी एक पिशवी आली, जेमतेम पाव लिटरची, आतला द्रव गढूळ लालसर. दोन सिस्टरांनी माझं नाव आणि नंबर आळीपाळीने मोठ्याने वाचून पडताळला आणि पिशवी छातीतल्या नळीला जोडली. चाळीस मिनिटांत ती रिकामी झाली. एवढंच. त्या पेशी रक्तातून फिरत फिरत आपली आपण हाडांच्या पोकळीत पोहोचतात आणि तिथे मुक्काम करतात. त्यांना वाट कुणी दाखवत नाही. आजही या गोष्टीपाशी आले की मी थांबते.

पुढचे दोन आठवडे थोडक्यात सांगते, कारण मला ते तुकड्यातुकड्यांनीच आठवतात. तोंडापासून घशापर्यंत फोड आले होते, स्वतःची थुंकी गिळणं हेसुद्धा काम होतं, आणि वेदनेवर मॉर्फिन चालू होतं. स्पष्ट आठवतो तो भिंतीवरचा पांढरा फळा. पहाटे पाचला रक्त न्यायचे आणि सातच्या सुमारास सिस्टर त्यावर पांढऱ्या पेशींचा आकडा हजारांत लिहायच्या. ०.०. दुसऱ्या दिवशी ०.०. तिसऱ्या दिवशीही तेच. चौदाव्या दिवशी त्यांनी ०.१ लिहिलं, दारापर्यंत गेल्या, परत वळल्या आणि त्या आकड्याखाली एक रेघ ओढली. बोलल्या काहीच नाहीत. आई मास्कमागे रडत होती. न्यूट्रोफिल्स, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सलग तीन दिवस पाचशेच्या वर राहिले की पेशी रुजल्या असं धरतात. माझ्या एकोणिसाव्या दिवशी रुजल्या.

बाहेरच्यांच्या मनात गोष्ट इथे संपते. पेशी रुजल्या, माणूस घरी आलं, झालं. माझ्या मते अवघड भाग घरी आल्यावर सुरू होतो. वॉर्डात घंटी वाजवली की कुणीतरी येतं. घरी तुम्ही, एक थर्मामीटर आणि गोळ्यांचा डबा. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला तर मध्यरात्रीसुद्धा वाट न बघता निघायचं, हे आईने भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं.

थकव्याबद्दल सांगायला हवं, कारण ‘दमायला होतं का?’ या प्रश्नात तो मावत नाही. दमलेला माणूस झोपला की ताजा होतो. हा थकवा झोपेतून उठल्यावर आधी तुमच्याशी बोलतो. डोक्यावरून सदरा चढवताना मला मध्येच हात खाली घ्यावे लागायचे, चेहरा कापडात तसाच, मग दोन श्वास आणि पुन्हा प्रयत्न. पाणी महिनोनमहिने धातूसारखं लागायचं. आठवड्यातून दोनदा तपासणीला जायचं आणि त्या सकाळी टॅक्रोलिमसची, म्हणजे नव्या पेशींना आवरून धरणारी, गोळी घरी घ्यायची नाही. ती डबीत घालून सोबत न्यायची, आधी रक्त द्यायचं आणि मग तिथेच गिळायची, कारण रक्तातली तिची पातळी पुढच्या मात्रेआधीच मोजावी लागते. ती कमी पडली तर नव्या पेशी अंगावर उठतात, जास्त झाली तर मूत्रपिंडांना त्रास होतो.

माझ्यात त्या उठल्याच. त्रेचाळिसाव्या दिवशी तळहात लाल झाले, चुरचुरायला लागले, मग कानांमागे पुरळ आली. याला जीव्हीएचडी म्हणतात. नव्या पेशी तुमच्या शरीराला परकं समजतात आणि त्याच्यावर चालून जातात. त्वचा, पचनसंस्था आणि यकृत ही त्यांची नेहमीची ठिकाणं.

दादा त्या संध्याकाळी आला. मास्क लावून, दारापासच्या खुर्चीवर, लांबच. मी हात पदराखाली घेतले, पण त्याला दिसलेच. बराच वेळ तो जमिनीकडे बघत बसला आणि मग म्हणाला, ‘माझ्यामुळेच ना हे?’

मी त्याला डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ज्या जागरूकपणाने या पेशी माझ्या त्वचेवर धावून जातात, त्याच जागरूकपणाने त्या लपून राहिलेल्या कर्करोगाच्या पेशीही शोधून मारतात. ट्रान्सप्लांटचा मोठा फायदा तोच आहे, नुसती केमो तिथपर्यंत पोहोचत नाही. म्हणून डॉक्टर त्यांना आवरतात, पण पुरतं गप्प करत नाहीत. ‘दादा, तुझ्या पेशी पहारा देतायत रे,’ मी म्हटलं. त्याने मान हलवली. पटलं नव्हतं. पुढचे कित्येक महिने मला काहीही झालं की तो आधी माफी मागायचा.

तुम्ही हे विचारलंत तेव्हा मला खरं तर हेच सांगायचं होतं. माझी तब्येत सगळे विचारतात, त्याला कुणी काही विचारत नाही. त्याच्या हाडांचं दुखणं चार दिवसांत थांबलं, म्हणून तो मोकळा झाला असं सगळ्यांनी धरलं. मीसुद्धा. पण ज्याच्या पेशी दुसऱ्याच्या अंगात रात्रंदिवस काम करत असतात, त्याच्या मनाला सुट्टी कशी मिळणार? माझा ट्रान्सप्लांट फसला असता तर तो स्वतःला काय म्हणाला असता, याचा विचार मी फार उशिरा केला. तुमच्या ओळखीत कुणी डोनर असेल तर त्यालाही एकदा विचारा. डोनरच्या हातात यातलं काही नसतं, हे त्याला एकदा ऐकून पुरत नाही.

जीव्हीएचडीसाठी स्टिरॉइड्स सुरू झाली. चेहरा गोल झाला, मांड्यांतलं बळ गेलं, खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा रेटा द्यावा लागायचा. झोप तर उडालीच. त्या जागरणांत मी ट्रान्सप्लांटचा इतिहास वाचत बसायचे. १९५७ साली अमेरिकी डॉक्टर ई. डोनाल थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा रुग्णांना शिरेतून दुसऱ्याची अस्थिमज्जा दिल्याचं प्रसिद्ध केलं. त्या सहांपैकी कुणीही शंभर दिवसांपलीकडे जगलं नाही. पेशी कुणाच्या कुणाशी जुळतात हे तेव्हा कळतच नव्हतं. त्याची पहिली खूण फ्रेंच डॉक्टर ज्याँ दोसे यांना १९५८ मध्ये सापडली. थॉमस थांबले नाहीत, आणि १९९० साली त्यांना नोबेल मिळालं. हे वाचलं तेव्हा माझा ब्याण्णवावा दिवस होता. त्या सहाजणांची नावं मला माहीत नाहीत, पण शंभराव्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या मला त्यांची आठवण झाली.

शंभरावा दिवस हा मोठा टप्पा मानतात. माझी अस्थिमज्जा तपासली, कर्करोग नव्हता, आणि रक्तपेशी शंभर टक्के दादाच्या होत्या. घरात आनंद झाला. पण तिथे गाडी स्टेशनात लागत नाही. गोळ्या चालूच, तपासण्या चालूच, कोपऱ्यात सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) सारखे विषाणू टपलेले. हे आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात निजलेले असतात, पण पहारा कमी झाला की जागे होतात. सर्दी झालेल्या पाहुण्याला दारातून परत पाठवताना मला सुरुवातीला संकोच वाटायचा. नंतर नाही वाटला.

लहानपणी घेतलेल्या लसींची आठवणही जुन्या पेशींबरोबर पुसली जाते, त्यामुळे त्या पुन्हा घ्याव्या लागतात. माझ्या सहाव्या महिन्यात त्या सुरू झाल्या, आणि नेमकी तेव्हाच दादाची मुलगी दोन-अडीच महिन्यांची होती. धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला, पोलिओ. आत्या आणि भाची एकाच पाठ्यपुस्तकात. तिला रोटाव्हायरसचे थेंब दिल्यावर चार आठवडे मी तिचे लंगोट बदलायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं होतं, कारण त्या लसीत जिवंत विषाणू असतो. मांडीवर मात्र घेऊ शकत होते. ती माझ्या बोटाला धरून ठेवायची आणि माझ्या मनात यायचं, हिच्या बापाचं रक्त या बोटातही आहे.

गोवराची लस जिवंत विषाणूची. ती ट्रान्सप्लांटनंतर दोन वर्षं तरी देत नाहीत, आणि त्यानंतरही प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या बंद असतील आणि जीव्हीएचडी शांत असेल तरच. माझ्या गोळ्या गेल्या वर्षी बंद झाल्या. पण डोळे अजून कोरडे पडतात, दर दोन तासांनी थेंब घालावे लागतात, म्हणजे तिथे थोडी धुसफूस चालू आहे. म्हणून भाचीला गोवराची लस मिळाली, माझी बाकी आहे. तोवर माझ्याभोवतीच्या माणसांनी घेतलेल्या लसी हेच माझं संरक्षण.

दोन वर्षं नुकतीच पूर्ण झाली. आजार उलटायचा तर बहुतेक वेळा या काळातच उलटतो, नंतर धोका कमी कमी होत जातो. मी अर्धा दिवस काम करते. दुपारी दोनच्या पुढे शब्द सापडत नाहीत, तेव्हा थांबते. उन्हात बाह्या लांब, डोक्यावर टोपी, कारण उन्हाने त्वचेवरचं भांडण पुन्हा पेटू शकतं. तीन मजले न थांबता चढते. हे सगळं ‘बरी आहे’ या दोन शब्दांत मी तुम्हाला देत असते.

रक्ततपासणीच्या संध्याकाळी दादाचा फोन येतो. तो ‘कशी आहेस?’ असं विचारत नाही. विचारतो, ‘कशा आहेत?’ पहिल्यांदा मला कळलंच नाही तो कुणाबद्दल बोलतोय. मी हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स असे आकडे एकेक करून वाचते. पलीकडे तो वहीत लिहून घेतो, पेनाचा आवाज येतो, आणि एखादा आकडा गेल्या वेळेपेक्षा वर असला की म्हणतो, ‘पुन्हा एकदा सांग.’