मागं घेताना वाजतंय

शाळेची पोरं ने-आण करणाऱ्या मामांनी पहिल्यांदा माझ्या गॅरेजला गाडी आणली तेव्हा आवाज तोंडानं काढून दाखवला. जीभ टाळूला लावून 'टक्'. एकदाच. रिव्हर्स टाकला, गाडी मागं सरकली, ब्रेक दाबला की टक्. परत दाबला तर नाही.

गिऱ्हाइकानं काढलेल्या आवाजावर माझा फार विश्वास. 'कर्रर्र' म्हणाला तर ब्रेकचे लायनर, म्हणजे घासून गाडी थांबवणारे तुकडे, संपून लोखंडाला लोखंड लागलंय. 'चीं' म्हणाला तर बहुतेक धूळ, नाहीतर स्वस्तातले पॅड. पण एकटं 'टक्' म्हणजे काहीतरी सैल आहे आणि ते जागा बदलतंय. एवढं मला तेव्हाही कळत होतं. पुढं तीन आठवडे मी त्या 'काहीतरी'ला चुकीच्या ठिकाणी शोधत होतो.

गाडी मारुतीची ओम्नी. कंपनीनं ती २०१९ साली बनवायची बंद केली, पण आमच्या साताऱ्यात अजून निम्मी शाळा तिच्यातूनच जाते. मामांचं घर अजिंक्यताऱ्याच्या बाजूच्या चढावरच्या बोळात. गाडी वळवायला जागा नाही, म्हणून रोज सकाळी पोरं भरून तीस-चाळीस फूट उलटं उतरायचं. आवाज तिथंच.

पहिल्या वेळी मी पुढची चाकं खोलली. या गाडीला पुढं डिस्क ब्रेक, मागं ड्रम ब्रेक. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, तिला दोन्हीकडून पॅड चिमटीत धरतात. डिस्कच्या पॅडला ब्रॅकेटमध्ये केसाएवढी मोकळीक असावीच लागते, नाहीतर तो जाम होईल. पुढं जाताना ब्रेक मारला की पॅड चाकाबरोबर ओढला जाऊन एका कडेला टेकतो. रिव्हर्समध्ये चाक उलटं फिरतं, पॅड दुसऱ्या कडेला जाऊन आपटतो. टक्. दिशा बदलल्यावर पहिल्या ब्रेकला, एकदाच. मामांच्या वर्णनाशी तंतोतंत जुळत होतं. पॅडच्या पत्र्याच्या क्लिपा ढिल्या होत्या, त्या बदलल्या, कडांना ग्रीस लावलं आणि वर ज्ञान दिलं, "मामा, थोडाफार आवाज नॉर्मल असतो."

'नॉर्मल असतो' हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात सोयीचं वाक्य. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाले टाय लावून म्हणतात, आम्ही ऑइलचे हात पुसत म्हणतो.

पाचव्या दिवशी मामा परत हजर. तेव्हा मागचे ड्रम काढले, आणि खरं सांगायचं तर तिथं मला आनंद झाला. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा, त्याच्या आत दोन लायनर असतात, चंद्रकोरीसारखे समोरासमोर. पुढं जाताना त्यातला एक ड्रमच्या फिरण्याबरोबर आत ओढला जातो आणि जास्त चावतो. मागं घेताना कामाची अदलाबदल होते, दुसरा चावायला लागतो. ही अदलाबदल होताना दोघं ड्रममागच्या न फिरणाऱ्या बॅक प्लेटवर किंचित सरकतात. त्यांना टेकायला बॅक प्लेटवर छोटे उंचवटे केलेले असतात. घासून घासून त्या उंचवट्यांत खाच पडली, की लायनर त्या खाचेत अडकतो आणि सुटताना वाजतो. उजव्या प्लेटवर बोटाचं नख अडकेल एवढ्या खाचा होत्या. बघणाऱ्याला काही दिसलं नसतं, मला नखानं कळलं.

नुसती प्लेट बदलायला सांगणारे बरेच आहेत. मी खाचा वेल्डिंगनं भरल्या, ग्राइंडरनं सपाट केल्या, वर कानस फिरवली, उष्णता सोसणारं ग्रीस अगदी टिकलीएवढं लावलं. जास्त लावलं तर वितळून लायनरवर येतं आणि ब्रेकच जातो. पोऱ्याला बोलावून दाखवलं, असं काम करायचं म्हणून. लायनरही नवे टाकले. जुन्यांवर अजून तीनेक मिलिमीटर माल होता, पण 'खोललंच आहे तर' म्हणत टाकले, आणि पैसे घेतले. गाडी गॅरेजसमोर वीस वेळा मागं-पुढं केली. आवाज नाही. त्या रात्री झोप छान लागली.

दोन आठवड्यांनी मामांचा फोन. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "मिस्त्री, तुमच्याकडं वाजत न्हाय, माझ्याकडं वाजतंय. पोरं असताना या की एकदा."

हे ते पहिल्या दिवसापासून सांगत होते. 'पोरं भरल्यावर' हा शब्द त्यांनी दर वेळी वापरला होता. मी तो ऐकला, पण 'सकाळी' असा ऐकला. म्हणजे गार असताना, दव असताना, ड्रमवर गंज धरलेला असताना. माझ्या डोक्यात ब्रेक होता, त्यामुळं बाकीचे शब्द ब्रेकला जुळतील तसे वळत होते.

गेलो. सकाळी सव्वासातला, भुरभुर पाऊस. गाडीत अकरा पोरं, वर दप्तरं, डबे, पाण्याच्या बाटल्या. मी बाजूनं चालत होतो. मामांनी नेहमीसारखी खिडकीतून मान बाहेर काढली, गाडी मागं सोडली, ब्रेक दाबला. टक्. चांगला जाड आवाज. पॅडचा आवाज पातळ असतो, नाण्यासारखा. हा हातोड्यासारखा होता.

मागच्या सीटवरची एक मुलगी, तिसरी-चौथीतली असेल, मला म्हणाली, "काका, ते माझ्या खाली वाजतं. पुढं जातानापण वाजतं."

मामा म्हणाले, "गप गं, पुढं कुठं वाजतंय."

त्यांना ऐकू येणार कसं? ओम्नीत इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली. पुढं जाताना इंजिनाची घरघर, पोरांचा कालवा, खिडकी अर्धी बंद. मागं घेताना मात्र इंजिन मंद, बोळ शांत आणि मान बाहेर. आवाज दोन्हीकडं होता, कान एकीकडंच होता. तीन आठवडे 'फक्त रिव्हर्सला' या शब्दांवर मी सगळा तर्क उभा केला होता, आणि ती पोरगी रोज त्या आवाजावर बसून शाळेला जात होती.

गाडी निघाली. मी मोटरसायकलवरून मागं. खाली एका वळणावर पाइपलाइनसाठी खोदलेलं होतं, तिथल्या चिखलातून गाडी सिमेंटच्या रस्त्यावर चढली आणि तिच्या चाकांचे ठसे समोर उमटले. दोन्हीकडं पुढच्या-मागच्या चाकांचे ठसे एकावर एक नव्हते. मागचे ठसे जरा एका बाजूला सरकलेले. मान वर करून गाडीकडं बघितलं तर ती किंचित तिरकी चालली होती. कुत्रं पळताना मागचे पाय जसे थोडे बाजूला टाकतं, तशी.

मागचा ॲक्सल, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारा दांडा, जागेवर नव्हता.

शाळा तिथून दीडेक किलोमीटर असेल. मी हॉर्न वाजवून गाडी थांबवली नाही. अकरा पोरं पावसात रस्त्यावर उभी करायची, प्रत्येकाच्या घरी फोन करायचे, आणि माझा अंदाज चुकलाच तर मामांचा धंदा बसवायचा, असं काहीतरी त्या वेळी डोक्यात आलं. मी शेजारी गाडी घेऊन फक्त "मामा, हळू चला, ब्रेक लांबून धरा" एवढं ओरडलो आणि शाळेच्या फाटकापर्यंत त्या मागच्या चाकांकडं बघत गेलो. हे बरोबर केलं की नाही, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "आपला पोरगा आत असता तर?" त्यावर मी जेवणावरून उठलो.

पोरं उतरल्यावर गाडी गॅरेजला आणून पिटवर, म्हणजे खालून बघायच्या खड्ड्यावर, घेतली. जॅकवर नाही. माझी आधीची चूक तिथंच होती. ड्रम काढायचे म्हणून दोन्ही वेळा गाडी चेसीखाली घोड्या लावून उचलली होती. ॲक्सल लोंबकळत होता, पाट्यांवर, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या कमानदार लोखंडी पट्ट्यांवर, भारच नव्हता. आता भारासकट खालून बघितलं. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावली. उजवीकडं अकरा मिलिमीटर जास्त.

ओम्नीचा मागचा ॲक्सल पाट्यांवर बसतो, ट्रकसारखाच, फक्त लहान. पाट्यांच्या मधोमध एक सेंटर बोल्ट असतो. त्याचं काम पाट्यांची चळत एकत्र धरायचं आणि ॲक्सलला जागा दाखवायचं. ॲक्सल आवळून धरायचं काम त्याचं नाही, ते यू बोल्टांचं, म्हणजे ॲक्सल-पाट्यांना विळखा घालून प्लेटवर नटांनी आवळलेल्या U आकाराच्या बोल्टांचं. यू बोल्टांचा आवळ गेला की ब्रेकचा प्रत्येक धक्का त्या बिचाऱ्या सेंटर बोल्टवर येतो आणि एक दिवस तो कातरला जातो. मग ॲक्सल पाट्यावर पुढं-मागं सरकायला मोकळा. रिकाम्या गाडीत, सपाट रस्त्यावर, हळू ब्रेकला तो जागचा हलत नव्हता. अकरा पोरांचं वजन आणि उतार आला की हलायचा. टक्.

चिखल खरवडला तर पाट्याच्या बैठकीशेजारी लाल गंजाची भुकटी आणि तिच्या कडेला चकचकीत घासलेली पट्टी. मी नटांना पाना लावला. चारही घट्ट! जोर लावला तरी जागचे हलेनात. पोऱ्या म्हणाला, "टाइट आहेत की." त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. पण नट घट्ट होते ते गंजलेल्या आट्यांवर. प्लेटवर नव्हतेच. प्लेट आणि नटामध्ये माझी पातळ पत्ती सहज सरकली. पाना फक्त नट फिरतोय का ते सांगतो, आवळलंय का ते सांगत नाही. वीस वर्षं हा धंदा करतोय, आणि हे मला पत्तीनं शिकवलं.

मामांना खोदून विचारल्यावर कळलं. दीड वर्षापूर्वी गाडी मागून बसते म्हणून त्यांनी पाटेवाल्याकडून एकेक पाटा वाढवून घेतला होता. चळत जाड झाली, यू बोल्ट मात्र जुनेच, तेवढ्याच लांबीचे. नटाला धरायला आटे उरले थोडे, ते गंजलेले, आणि भार बसल्यावर परत आवळायला कुणी सांगितलं नाही. नव्या यू बोल्टांचे किती पैसे वाचवले असतील त्या माणसानं? माझ्या एका लायनर सेटएवढेसुद्धा नाहीत. पाटा तरी का वाढवला, तर पोरं वाढवली म्हणून. पोरं का वाढवली, तर पालक महिन्याला पन्नास रुपये जास्त मागितले की दुसरी व्हॅन बघतात. मामांना मी यावर बोललो नाही. मला त्यांनी लायनरबद्दल विचारलं नाही.

वाढवलेला पाटा दोन्हीकडचा काढला. नवे सेंटर बोल्ट, नवे यू बोल्ट. ॲक्सल जागेवर आणून, गाडीचा भार चाकांवर ठेवून, नट तिरपे-तिरपे थोडे थोडे आवळले. टेप परत लावली, दोन्हीकडं सारखी. लायनरचे पैसे यू बोल्टांत वळते केले. मामांना बजावलं, "पोरं सातच. आणि पाचशे किलोमीटरनंतर परत आवळायला या."

मामा नऊ पोरांवर आले, सातवर नाही. आवळायलाही आले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मीच सकाळी पाना घेऊन त्यांच्या बोळात गेलो आणि पोतं अंथरून गाडीखाली शिरलो. उजवीकडचे तीन नट जागचे हलले नाहीत. चौथ्यानं पाव फेरा घेतला.