लाल फडक्यातला कलश

आमच्या कऱ्हाडच्या घरात देवघराच्या खालच्या फळीवर तांब्याचा एक कलश असायचा. तोंडाला लाल फडकं आणि त्यावर कलाबतूची गाठ. बाबांनी तो 1998 साली 21 हजारांना घेतला. 'घेतला' म्हणायचं नाही, 'उतरवला' म्हणायचं. महाराजांकडून घरी उतरवून आणला. बाबा तेव्हा एका पतसंस्थेत कारकून होते, पगार चार हजारांच्या आसपास. आईच्या पाटल्या त्यात गेल्या. कारण काय, तर आमच्या घराण्यात तीन पिढ्यांमागे कोणीतरी विहिरीत बुडून गेलेलं, त्याला गती मिळालेली नाही, आणि म्हणून दादाचा दमा हटत नाही. तो पूर्वज म्हणे कलशात 'बसवला' होता. फडकं सोडलं की घरभर सुटणार. मी नऊ वर्षांची होते. रात्री उठले की देवघरासमोरून श्वास रोखून जायचे.

महाराजांचं नाव इथे लिहिणार नाही. आई अजून दर गुरुवारी तिथे जाते, एवढं कारण मला पुरेसं आहे.

मी गेली अकरा वर्षं तोक्योत आहे, निशि-कासाईला. इथे आपली माणसं इतकी की कढीपत्ता आणि गोडा मसाला दोन्ही चालत जाऊन आणता येतात. 8 जुलै 2022 ला दुपारी मी घरूनच काम करत होते. नारा शहरात, स्टेशनबाहेर प्रचारसभेत बोलत असताना माजी पंतप्रधान शिंझो आबेंना गोळ्या घातल्याची बातमी आली आणि ऑफिसच्या चॅटवर कोणी काही लिहिनासं झालं. जपानात बंदूक! तीही घरी बनवलेली. पुढच्या काही दिवसांत मारेकऱ्याची गोष्ट बाहेर आली. तेत्सुया यामागामी, वय 41. आईने युनिफिकेशन चर्च नावाच्या धार्मिक संस्थेला सुमारे 10 कोटी येन दिले, म्हणजे आजच्या भावाने साडेपाच-सहा कोटी रुपये. नवऱ्याच्या विम्याचे पैसे गेले, घर गेलं, 2002 मध्ये तिचं दिवाळं निघालं. आजारी असलेल्या थोरल्या मुलाने 2015 मध्ये जीव दिला. आबेंनी या संस्थेशी संबंधित एका कार्यक्रमाला शुभेच्छांचा व्हिडिओ पाठवला होता, तो यामागामीने पाहिला होता.

खून तो खूनच, त्यात मला काही बोलायचं नाही. पण ती आई मात्र मला परकी वाटेना.

मग एका संध्याकाळी टीव्हीवरच्या चर्चेत टेबलावर मधोमध एक घट आणून ठेवला. जपानीत त्याला 'त्सुबो' म्हणतात. निवेदक सांगत होता, की तुमचे पूर्वज परलोकात तळमळतायत, त्यांचं पाप घरावर आहे, असं सांगून ही मंडळी असले घट, संगमरवरी मनोरे आणि कोरीव शिक्के लाखो येनांना विकायची. या धंद्याला इथे 'रेइकान शोहो' असं नावच आहे. नवरा शेजारी बसून दही-भात खात होता. तो म्हणाला, "काय झालं? श्वास का धरलायस?" मला कळलंही नव्हतं.

युनिफिकेशन चर्च मूळ कोरियातलं. सन म्युंग मून यांनी ते 1954 मध्ये सेऊलला काढलं, आणि जपानात 1964 मध्ये त्याला धार्मिक संस्थेचा दर्जा मिळाला. घटांच्या फसवणुकीविरुद्ध इथल्या वकिलांनी देशभराची संघटना उभारली ती 1987 मध्ये. म्हणजे आबेंचा खून झाला तेव्हा ते वकील पस्तीस वर्षं ओरडत होते. ऐकलं कोणी? सरकारी यंत्रणा किती गाढ झोपू शकते याबाबतीत जपान आणि आपण सख्खी भावंडं आहोत.

पण त्या उन्हाळ्यात मला एक शब्द मिळाला. 'शूक्यो निसेई', धर्माची दुसरी पिढी. ज्यांनी स्वतः काही पत्करलं नाही, ज्यांचा जन्मच त्या घरात झाला, ती मुलं. त्या वर्षीच्या गाजलेल्या शब्दांच्या पहिल्या दहात तो आला. तोवर मी स्वतःला काय म्हणायची? काहीच नाही. कोणी विचारलं तर "आमच्याकडे जरा जास्तच धार्मिक होतं" असं म्हणून विषय बदलायचे. लोक विचारतात, "मग तुम्ही बाहेर कसे पडलात?" बाहेर पडायला आधी आत शिरावं लागतं हो! मी कधी शिरलेच नव्हते. बाळंतपणातून आईसोबत घरी आले तेव्हाच महाराजांची तसबीर पाळण्याला बांधलेली होती.

ऑक्टोबर 2022 मध्ये अशाच एका तरुण मुलीने तोक्योतल्या परदेशी पत्रकारांच्या क्लबात पत्रकार परिषद घेतली. ती बोलत असतानाच संस्थेकडून फॅक्स आला. खाली तिच्या आईवडिलांच्या सह्या. मुलगी मानसिक आजारी आहे, खोटं बोलतेय, हे थांबवा, असा मजकूर. माझ्या जपानी मैत्रिणींना धक्का बसला. मला बसला नाही. मी पुण्याला इंजिनिअरिंगला असताना गुरुवार मोडायला लागले, तेव्हा बाबांचं इनलँड पत्र आलं होतं. अक्षर बाबांचं, वाक्यं महाराजांच्या मंडळाची.

डिसेंबर 2022 मध्ये जपानने नवा कायदा केला. भीती घालून, पूर्वजांचा धाक दाखवून देणगी मागायची नाही. कर्ज काढून किंवा राहतं घर विकून पैसे आणा असं सांगायचं नाही. असल्या भीतीपोटी केलेला व्यवहार रद्द करायची मुदत पाचाची दहा वर्षं झाली. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती गोष्ट अशी की, देणारा स्वतः हात जोडून बसला असला तरी ज्यांचं पोट त्याच्यावर आहे त्या बायको-मुलांना आपल्या पोटगीपुरते पैसे परत मागता येतात. त्यात पळवाटा खूप आहेत असं तेच जुने वकील म्हणतात, आणि ते खरंही असावं.

याच्याशी जोडून एक खटला सांगते, तो माझ्या डोक्यातून जात नाही. नागानोकडची एक म्हातारी. तिने संस्थेला 10 कोटी येनहून जास्त दिले. मुलीला कुणकुण लागली. तेव्हा, 2015 मध्ये, 86 वर्षांच्या त्या बाईकडून कागद लिहून घेतला की मी कधीही पैसे परत मागणार नाही. नोटरी केली, वर व्हिडिओही काढला. सहा-सात महिन्यांत तिला अल्झायमर असल्याचं निदान झालं. खटला चालू असताना ती गेली, मुलीने तो पुढे लढवला. खालच्या कोर्टांनी कागद ग्राह्य धरला. सर्वोच्च न्यायालयाने 11 जुलै 2024 ला तो कागद रद्दबातल ठरवला.

बातमी वाचून मी दादाला फोन लावला. आमचाही एक कागद आहे ना! बाबांनी 2011 मध्ये गावाबाहेरचे दोन गुंठे मंडळाच्या ट्रस्टला बक्षीसपत्राने दिले, 'राजीखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय'. बाबा 2019 मध्ये गेल्यावर आम्ही कऱ्हाडला एका वकिलांकडे गेलो होतो. भला माणूस. त्यांनी सांगितलं की कायदा आपल्याकडेही आहे, आणि फार जुना आहे. 1872 च्या करार कायद्याचं कलम 16, अनुचित प्रभाव. एका म्हाताऱ्याने परलोकात कल्याण व्हावं म्हणून सगळी मालमत्ता गुरूला लिहून दिली, तेव्हा अलाहाबाद हायकोर्टाने 1890 मध्येच म्हटलं होतं की दबाव नव्हता हे गुरूने सिद्ध करावं. मी खुर्चीत पुढे सरकले. मग ते म्हणाले, "पण मुदत तीन वर्षांची, आणि वडिलांनी हयातीत कधी कुरकूर केली नाही. आई साक्षीला उभ्या राहतील का?" दादाने माझ्याकडे पाहिलं. आम्ही त्यांची फी दिली, समोरच्या टपरीवर चहा प्यायलो आणि घरी आलो.

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आहेच, आणि मला त्याचा अभिमान आहे. दाभोलकर त्यासाठी अठरा वर्षं झगडले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या आणि आठवड्याच्या आत अध्यादेश निघाला. इथेही मेल्याशिवाय जाग नाही. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे, भूत-पिशाच्चाचा धाक घालणंही त्यात येतं. तेव्हा हा कायदा असता तर आमचा कलश कदाचित त्यात बसलाही असता. पण तक्रार कोण करणार होतं, नऊ वर्षांची मी? आणि समजा केली, महाराज आत गेले, पुढे? आईचं काय? दादाचं काय?

हा 'पुढे' म्हणजे नेमकं काय, ते मला इथे ऑफिसातल्या एका सहकारी बाईंमुळे कळलं. 25 मार्च 2025. तोक्यो जिल्हा न्यायालयाने युनिफिकेशन चर्च ही संस्था विसर्जित करण्याचा आदेश दिला तो दिवस. दीड हजारावर माणसांचं मिळून 2,040 कोटी येनांचं नुकसान न्यायालयाने धरलं. याआधी असा आदेश दोनदाच निघाला होता. एकदा भुयारी रेल्वेत सरीन वायू सोडणाऱ्या ओम शिनरिक्योवर आणि एकदा म्योकाकुजी या मंदिर-संस्थेवर, दोन्ही वेळा फौजदारी गुन्ह्यांपायी. दिवाणी चुकांसाठी हे पहिल्यांदाच. अर्थात यात श्रद्धेवर बंदी नाही. संस्थेचा कायदेशीर दर्जा आणि करसवलत जाते, एवढंच.

आम्ही नेहमीच्या खानावळीत तळलेला बांगडा खात होतो. टीव्हीवर बातमी सुरू झाली. या बाई पन्नाशीच्या आतबाहेरच्या, सात वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर, आणि मला त्यांच्या घरची इतकीच माहिती की त्यांना मांजर आहे. त्या माशाचा काटा बाजूला काढत, टीव्हीकडे न बघता म्हणाल्या, "आमच्या घरी पांढरा होता." मी म्हटलं, "आमच्याकडे तांब्याचा." त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं.

नंतर त्या हळूहळू बोलल्या. सरकारी विधी साहाय्य केंद्राने नोव्हेंबर 2022 मध्ये या फसवणुकीसाठी खास फुकट फोन लाइन काढली, तिच्यावर त्यांनी फोन केला होता. पैशांसाठी नव्हे. त्यांना विचारायचं होतं की माझा पत्ता माझ्या आईला मिळू नये यासाठी काय करता येईल. इथे त्रास होत असेल तर नगरपालिकेत अर्ज करून आपला रहिवासी दाखला घरच्यांना बघता येणार नाही अशी सोय करता येते, ते त्यांना तिथे नीट कळलं. फोनवरच्या माणसाने एकदाही "पण ती तुमची आई आहे ना" असं म्हटलं नाही, हे त्या दोनदा म्हणाल्या. महिन्यातून एकदा त्या अशाच पाच-सहा जणांना भेटतात. काय करता तिथे, विचारलं. म्हणाल्या, विशेष काही नाही, वाढदिवसाचा केक खातो. त्यांच्या लहानपणी वाढदिवस संस्थापकांचा असायचा.

जपानच्या आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर 2022 मध्येच आणखी एक काम केलं. मुलाला नरकात जाशील अशी भीती घालून धार्मिक कामाला जुंपणं हा बालछळ आहे, असं लेखी काढलं. मी ते दादाला फोनवर मराठीत करून सांगितलं. तो बराच वेळ गप्प. त्याचं दम्याचं औषध दोन वर्षं बंद करून अंगाऱ्यावर ठेवलं होतं, 2001 च्या जानेवारीत निळा पडला तेव्हा शेजारच्या काकांनी उचलून सरकारी दवाखान्यात नेलं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "असं सरकार म्हणतं?"

आईला यातलं काही सांगितलं नाही. का, तेही सांगते. बाबा गेले तेव्हा तेरा दिवस आमच्या घरी चूल पेटली नाही, दोन्ही वेळचे डबे मंडळातून आले. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्री थांबायला मंडळातल्या बायका होत्या. मी तोक्योत, दादा चिंचवडला. आम्ही तिला म्हणायचं की हे सोड, आणि मग गुरुवारी संध्याकाळी तिने कोणाकडे जायचं?

गेल्या दिवाळीत गेले होते. आई गुरुवारची बाहेर पडली आणि दादा म्हणाला, "बघूया का?" छत्तीस वर्षांची मी, एकेचाळिसाचा तो, आणि दोघांनी आधी दाराला कडी घातली. गाठ सुटता सुटेना. आत पीठ झालेले तांदूळ, एक सुपारी, रुपयाचं नाणं आणि पोकळी भरायला कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा. कलश उपडा केला तर बुडाला भांड्यांच्या दुकानाचं स्टिकर, अर्धं खरवडलेलं. किंमत मात्र वाचता येत होती. 640 रुपये. दादाला हसू फुटलं आणि हसता हसता खोकला लागला, मग इनहेलर. आम्ही सगळं होतं तसं भरलं, फडकं बांधलं, फळी पुसली.

आई आली, दिवा लावायला बसली, उठली. काही बोलली नाही. जेवताना आमटी वाढता वाढता म्हणाली, "गाठ उलटी मारलीय रे."

कोणी काही बोललं नाही. सकाळी मी ब्रश करत मागच्या दारी आले तर दोरीवर टॉवेलांच्या शेजारी ते लाल फडकं वाळत होतं. रंग बराच उतरला होता. संध्याकाळी तिने ते परत बांधलं.