सुई सोळावर

गुरुवार होता, पाणी बंद. धुवायच्या गाड्या नव्हत्या, त्यामुळे पुण्यात धनकवडीतल्या आमच्या गॅरेजात सकाळी जरा शांतता होती. तेवढ्यात एक चंदेरी पेट्रोल हॅचबॅक फाटकातून आत आली. उतरलेल्या बाईंनी नमस्कार-चमत्कार न करता एक कागद माझ्यासमोर धरला. दुसऱ्या एका गॅरेजचं एस्टिमेट. पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग, हेडचं काम, गॅस्केट किट, मजुरी. खाली 48 हजारांचा आकडा. आणि कोपऱ्यात बॉलपेनने लिहिलेलं : 'व्हॅक्यूम 16. इंजिन कमजोर.'

तो कोपरा वाचून मी खुर्चीत सरळ झालो. व्हॅक्यूम गेज लावणारा माणूस हल्ली दिसतो कुठे? स्कॅनर लावायचा, कोड वाचायचा, सांगेल तो पार्ट बदलायचा. त्यामुळे ज्याने कुणी हे लिहिलं होतं त्याचं मला आधी कौतुकच वाटलं. अजूनही थोडं वाटतं.

बाई सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या सिस्टर. गाडी 2007 ची, 92 हजार किलोमीटर झालेली. तक्रार एकच. गावात ठीक चालते, पण कात्रजच्या जुन्या घाटात दम सोडते. "दुसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबला तरी रडत रडत चढते. मागून ट्रकवाले हॉर्न मारतात, लाज वाटते हो."

धूर दिसतो का? नाही. ऑइल कमी होतं? नाही. डिपस्टिक काढून पाहिली, पातळी बरोबर. रिंगा गेलेलं इंजिन ऑइल पितं आणि मागून निळा धूर सोडतं. इथे दोन्ही नाही. मग सोळाचा अर्थ काय?

गेज हे तसं साधं हत्यार. पेट्रोल इंजिन म्हणजे हवा ओढणारा पंपच. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, हवेच्या वाटेतली थ्रॉटलची चकती जवळपास मिटलेली असते. पिस्टन खाली येताना हवा ओढायला बघतात, हवा येत नाही, मग मॅनिफोल्डमध्ये ओढ तयार होते. ती ओढ गेज पाऱ्याच्या इंचांत दाखवतं. निरोगी इंजिनाला आयडलिंगवर 17 ते 22 आणि सुई स्थिर, असं तक्त्यात छापलेलं असतं.

"म्हणजे आमच्या बीपीसारखंच," सिस्टर म्हणाल्या. "आमचा पारा मिलिमीटरमध्ये, तुमचा इंचांत."

मी म्हटलं, "आणि तुमचा ढकलतो, आमचा ओढतो."

आता गंमत अशी, की तो तक्ता समुद्रसपाटीचा असतो. माझे वस्ताद कुर्ल्याहून पुण्यात आले तेव्हा हेच गेज पिशवीतून घेऊन आले होते. पहिल्या महिन्यात लावतील त्या गाडीची सुई त्यांना खालीच दिसायची. ते म्हणायचे, पुण्यातली सगळीच इंजिनं आजारी कशी? आधी गेज खराब झालं म्हणून दोनदा काच उघडली. मग कुणीतरी सांगितलं, मास्तर, हे गाव डोंगरावर आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच. दर हजार फुटांना साधारण एक इंच सुई खाली धरायची, म्हणजे इथे जवळजवळ दोन इंच. मुंबईत 18 दाखवणारं इंजिन पुण्यात 16 दाखवणार. हवाच तेवढी पातळ, इंजिनाचा काय दोष!

कोपऱ्यातल्या त्या सोळाने पुण्याची उंची धरलीच नव्हती.

पण हे नुसतं बोलून बाईंना का पटावं? माझ्याकडेही गिऱ्हाईक हवंच आहे, असं त्यांना वाटू शकतं. पोऱ्याला म्हटलं, गेज लाव. त्याने मॅनिफोल्डमधून ब्रेक बूस्टरकडे जाणाऱ्या पाइपात टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, घातला, इंजिन चालू केलं, एकदा जोरात रेस दिली आणि ओरडला, "सर, 22! एकदम नवं इंजिन!" मी पाहिलं. सुई 22 वर, खिळा ठोकल्यासारखी. पुन्हा रेस द्यायला लावली, तरी हलेना. असली सुई पाहून मला सुख नाही, भीती वाटते. बूस्टरच्या पाइपात एक वन-वे व्हॉल्व्ह असतो, मिळालेली ओढ धरून ठेवणारा. इंजिन अचानक बंद पडलं तरी दोन-तीन वेळा ब्रेक लागावेत म्हणून ती सोय. पोऱ्याने टी त्या व्हॉल्व्हच्या पलीकडे, बूस्टरच्या बाजूला घातला होता. रेस सोडल्यावरची सगळ्यात मोठी ओढ तिथे अडकली आणि सुई तीच दाखवत बसली. टी व्हॉल्व्हच्या अलीकडे, मॅनिफोल्डच्या बाजूला घ्यायला लावला. सुई खाली आली. साडेसोळा. स्थिर.

शेजारीच दुसऱ्या गिऱ्हाइकाची गाडी उभी होती, सर्व्हिसिंगला आलेली, तक्रार काही नाही. बोनेट उघडून तिला गेज लावलं. सतराला जरा कमी. सिस्टर वाकून दोन्ही वेळा सुई बघत होत्या. मग त्यांनी त्या एस्टिमेटची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवून दिली. एवढंच म्हणाल्या, "एका रीडिंगवर आम्ही कुणाला गोळी सुरू करत नाही."

तरी घाटातली तक्रार खरीच होती. बाई खोटं सांगत नव्हत्या आणि सुईही नाही.

मी स्वतः थ्रॉटलची केबल ओढून झटक्यात सोडली. सुई दोनपर्यंत पडली आणि उसळून 22 वर गेली. रिंगा ढिल्या असत्या तर ही उसळी मेली असती. परत साडेसोळावर यायला सुईने जरा वेळ लावला, रेंगाळली. ते मी पाहिलं आणि सोडून दिलं. उसळी बघण्याच्या नादात परतीची वाट बघायची राहिली. वस्ताद असते तर टाळक्यात पाना पडला असता.

खात्रीसाठी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे पिस्टन हवा किती जोरात दाबतो ते मोजलं. 165 ते 172 पाउंड, चारही ठणठणीत. इंजिन उघडायचं कारणच उरलं नाही. हे माप त्या एस्टिमेटवर नव्हतं. 48 हजार लिहिण्याआधी अर्ध्या तासाचं हे काम करायला काय हरकत होती, हा प्रश्न मला अजून पडतो. व्हॅक्यूम बोट दाखवतो, कॉम्प्रेशन साक्ष देतं. साक्षीशिवाय फाशी कशी द्यायची?

मग डोकं पुन्हा घाटाकडे वळलं. गाडी आयडलिंगला ठीक, गावात ठीक, लोड आला की गुदमरते. पोऱ्याला सांगितलं, अडीच हजार आरपीएमला धर आणि सोडू नको. सुई आधी सतराच्या वर चढली. पंधरा सेकंदांनी सोळा. मग चौदा. पाय तिथेच, आवाज तोच, आणि सुई मात्र संध्याकाळच्या सावलीसारखी सरकत बारावर, दहावर. आठला आल्यावर मी हात वर केला. सिस्टर माझ्या खांद्यामागून बघत होत्या. "श्वास आत जातोय, बाहेर येत नाहीये," त्या म्हणाल्या. "दम्याचा पेशंट असाच असतो."

अगदी तेच. एक्झॉस्ट चोक. थोड्या रेसला जेवढा जळलेला वायू होतो तेवढा कसाबसा निघून जातो. रेस वाढली की जळलेला वायू मागे तुंबतो, सिलिंडर पूर्ण रिकामा होत नाही, मग नवी हवा शिरायला जागा कुठली! म्हणून ओढ कमी होत जाते.

जळलेल्या वायूतलं विष कमी करणारा डबा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिन निवल्यावर त्याच्या अलीकडचा, इंजिनाच्या बाजूचा ऑक्सिजन सेन्सर काढला. 'काढला' हे लिहायला सोपं आहे. गंजलेला सेन्सर, त्यावर स्प्रे, चहा, पुन्हा स्प्रे, लांब दांडा, देवाचं नाव. शेवटी किर्रकन सुटला. वायूला तेवढं भोक मिळाल्यावर परत अडीच हजारला धरलं. आवाज असा, की समोरच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या. पण सुई सतराला चिकटून राहिली. अर्धा मिनिट, पाऊण मिनिट. हलली नाही.

कन्व्हर्टर उतरवायला दुपार गेली. एक स्टड मोडलाच. खाली काढून एका तोंडातून बॅटरी मारली, दुसरीकडून डोळा लावला. अंधार. आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर. इथे पोळं वितळून चिकीच्या वडीसारखं झालं होतं. ही जाळी आपोआप वितळत नाही. न जळलेलं पेट्रोल तिच्यात जाऊन जळत राहिलं की ती हजार अंशांच्या पुढे तापते.

"मिसिंग कधी होतं? एखादा सिलिंडर न पेटता चालायची का?" मी विचारलं.

सिस्टर जरा थांबल्या. मागच्या वर्षी प्लगला ठिणगी देणारी एक कॉइल गेली होती, गाडी तीन सिलिंडरवर फडफडत चालायची. मुलगाच वापरत होता तेव्हा. दोन-अडीच महिन्यांनी कॉइल बदलली. मी आत वाकून मीटर पाहिला. इंजिनच्या दिव्याच्या जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा चौकोन, व्यवस्थित कापून लावलेला. दिवा डोळ्यांत खुपतो म्हणून. कॉइल बदलल्यावर दिवा विझला असणार, टेप तशीच राहिली. स्कॅनर लावला असता तरी त्याला काही सांगता आलं नसतं, कारण या गाडीत कन्व्हर्टरच्या मागे दुसरा सेन्सरच नाही.

पोऱ्याने विचारलं, आतली जाळी फोडून पोकळ करून लावूया का, स्वस्तात होईल. बरीच ठिकाणी करतात. मी नाही करत. पीयूसीचं सोडा, त्या गाडीमागे स्कूटरवर माणसं असतात. नाना पेठेत, पार्टच्या दुकानात फोन लावला, शनिवारी नवा कन्व्हर्टर आला. एस्टिमेटच्या निम्म्याहून कमी खर्चात सगळं उरकलं. प्लग आणि कॉइल आधी तपासून घेतले, नाहीतर नव्याचंही पोळं वितळलं असतं.

रविवारी सकाळी कात्रजचा जुना घाट. गाडी सिस्टरच चालवत होत्या, मी शेजारी, गेज डॅशबोर्डवर चिकटवलेलं, लांब नळी बोनेटच्या फटीतून आत घेतलेली. चढावर त्यांनी पाय दाबला की सुई खाली, सोडला की वर. लोडवर सुई पडणारच, ते त्यांना आधी सांगावं लागलं, नाहीतर घाटातच थांबल्या असत्या. तिसऱ्या गिअरला गाडी वर आली. बोगद्याच्या वरच्या वळणावर एका ट्रकला त्यांनी ओव्हरटेक केलं आणि हॉर्नही दिला. गरज नव्हती.

गॅरेजात परतल्यावर भंगारवाला जुन्या कन्व्हर्टरसाठी येऊन थांबला होता. आतल्या धातूंमुळे त्याला बरा भाव असतो. सिस्टरनी भाव ऐकून घेतला, मान हलवली आणि पोऱ्याकडून तो जड डबा वर्तमानपत्रात गुंडाळून घेतला. मीटरवरची टेपही नखाने सोलून त्यावरच चिकटवली.

"मुलगा रात्री जेवायला येणार आहे," म्हणाल्या, आणि डबा पुढच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला.