आमची वाटचाल: बोली ठरते दुरुस्तीच्या टेबलावर

ऑनलाइन लिलावांतून जुने बँजो घ्यायचे, वाजते करायचे आणि पुढे विकायचे, हा आमचा धंदा. गणपतीच्या मिरवणुकीतला बटणांचा बँजो वेगळा. आमचा माल म्हणजे गोल रिमवर कातडं ताणलेला, लांब मानेचा अमेरिकन बँजो. दुकान बॉस्टन परिसरात आहे आणि त्याला कारण आहे. फेअरबँक्स, कोल, व्हेगा ही बँजो बनवणाऱ्यांची नावं याच शहरातली. १९०४ मध्ये फेअरबँक्सच्या कारखान्याला आग लागली, व्हेगाने तो धंदा विकत घेतला आणि व्हाइट लेडी, पुढे १९०९ पासून ट्यूबाफोन ही मॉडेलं इथूनच देशभर गेली. या भागातली जुनी घरं रिकामी होताना माळ्यावरून आजही ही वाद्यं निघतात, आणि विकणाऱ्याला आपल्या हातात काय आहे याचा बहुतेक वेळा पत्ता नसतो.

सुरुवात आम्ही चार तारांच्या टेनर बँजोपासून केली. १९२० च्या दशकात डान्स बँडसाठी टेनर अफाट बनले, मग गिटार आली आणि ते पेट्यांत बंद झाले. त्यामुळे माल भरपूर आणि भाव आवाक्यातला. शिवाय गिऱ्हाईक शेजारीच होतं: आयरिश संगीतवाले टेनर जी-डी-ए-ई अशा खालच्या सुरांत लावतात. डब्लिनर्स या आयरिश गटाच्या बार्नी मॅकेना यांनी ती पद्धत रूढ केली, आणि बॉस्टनच्या पबांत अशा बैठका नेहमीच्या. १७ फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) आखूड मान त्यांना हाताला सोयीची पडते. मूळ सी-जी-डी-ए साठी पातळ तारा असायच्या. जी-डी-ए-ई ला साधारण ०.०१२ ते ०.०४० इंचांचा संच लागतो. मानेच्या टोकाला तारा टेकवणारी खाचांची पट्टी म्हणजे नट. जुन्या नटच्या खाचांत ०.०४० ची तार बसत नाही, वर राहते आणि पहिल्या दोन फ्रेटवर सूर चढा लागतो. खाच रुंद करायला पाच मिनिटं लागतात, पण ती न करता वाद्य विकलं की गिऱ्हाईक ‘फ्रेट चुकीच्या जागी आहेत’ म्हणून परत येतं.

बँजो-मँडोलिन मात्र आम्ही घेतच नाही. लिलावात ढिगाने येतात, स्वस्त असतात, नक्षी सुंदर असते. पण आठ तारांचा ताण छोट्याशा पॉटवर, म्हणजे रिम आणि कातड्याच्या गोल भागावर, येतो, मान उचलली जाते, दुरुस्तीला टेनरइतकाच वेळ लागतो आणि विकत घ्यायला कोणी येत नाही.

पाच तारांकडे वळल्यावर मात्र फोटो वाचायला शिकावं लागलं. सगळा धंदा तिथेच आहे. विक्रेता समोरून सहा फोटो टाकतो, सहाही निरुपयोगी. आम्ही प्रत्येकाला त्याच चार गोष्टी मागतो: पॉटच्या आतून डॉवेल स्टिकचा फोटो, मान रिमला मिळते तो जोड दोन्ही बाजूंनी, मान बाजूने सरळ रेषेत, आणि बाराव्या फ्रेटपाशी तार किती उंच आहे ते दाखवणारी पट्टी. डॉवेल स्टिक म्हणजे मानेच्या टाचेत चिकटवलेला, पॉटमधून आरपार जाणारा लाकडी दांडा. फेअरबँक्स आणि व्हेगाच्या वाद्यांवर क्रमांक या दांड्यावर आणि रिमच्या आतही ठोकलेला असतो. दोन्ही जुळले तर मान आणि पॉट एकत्र जन्मलेले. नाही जुळले तर ते लग्न कोणीतरी नंतर लावलंय. वाजायला उत्तम असेल, पण भाव संग्राहकाचा नाही, वाजवणाऱ्याचा.

फिलाडेल्फियाच्या एस. एस. स्टुअर्ट यांच्या नावाबाबत जास्त सावध राहावं लागतं. स्टुअर्ट १८९८ मध्ये वारले. ते नाव पुढे दुसऱ्यांनी स्वस्त वाद्यांवरही वापरलं. त्यामुळे नुसतं नाव दिसलं म्हणून बोली लावत नाही, दांड्यावरचा ठसा आणि क्रमांक बघतो. खऱ्या स्टुअर्टचा रिम म्हणजे पातळ लाकडावर जर्मन सिल्व्हरचा पत्रा गुंडाळलेला. पत्रा चकचकीत असतो आणि आत लाकूड चेपलेलं असू शकतं. म्हणून पॉटचा व्यास दोन दिशांनी मोजून मागतो. इंचाच्या आठव्या भागाचा फरक असला तर रिम लंबगोल झालाय, हेड (ताणलेलं कातडं) नीट बसणार नाही.

याच काळातल्या वाद्यांचा दुसरा घात पोलादी तारांनी केलाय. १९ व्या शतकातले बँजो आतड्याच्या तारांसाठी बनले. मानेत लोखंडी सळई नाही, लाकूड हलकं. नंतर कोणीतरी पोलादी तारा चढवतो आणि काही वर्षांत मान धनुष्यासारखी वाकते. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर पट्टी टेकवून सातव्या फ्रेटपाशी फट बघायची: पाव मिलिमीटर ठीक, एक मिलिमीटरच्या पुढे गेली की काम मोठं. मानेवरची, बोटं टेकवायची फळी रंधून सरळ करायची, किंवा फ्रेट काढून जाड बुंध्याच्या फ्रेट ठोकायच्या, म्हणजे त्या पाचरीसारख्या फळीला मागे रेटतात. दुसरा उपाय आम्हाला जास्त पसंत, कारण फळीचं मूळ आबनूस वाचतं. अशी वाद्यं आम्ही नायलॉन किंवा कृत्रिम आतड्याच्या तारा लावूनच विकतो आणि पावतीवर तसं लिहून देतो.

तार बाराव्या फ्रेटवर तीन मिलिमीटर उंच असली तर छान. पाचच्या वर असेल तर मान वाकली आहे की टाचेचा कोन बिघडलाय, हे आधी ठरवायचं. मान सरळ आणि टाचेपाशी फट असेल तर बहुधा दांडा टाचेत सुटलाय. जुना सरस वाफेने मऊ करून दांडा बाहेर काढायचा, खोबण साफ करायची, नवा गरम सरस घालून कोन साधून बसवायचा. इथे इपॉक्सी ओतलेली वाद्यं खूप येतात. ते निघत नाही, लाकूड फाटतं. फोटोत टाचेपाशी पिवळट चकाकणारा थर दिसला की आम्ही बोली निम्म्यावर आणतो. नंतरच्या काळातल्या बँजोंत दांड्याऐवजी लोखंडी सळया असतात. त्या पिळून तार खाली आणण्याचा मोह अनेकांना होतो. थोडं चालतं, जास्त पिळलं की रिमच लंबगोल होतो.

गिब्सन कंपनीच्या बँजोंच्या वाटेला आम्ही फार जात नाही. १९२५ पासूनची मास्टरटोन मालिका आणि त्यातले दुसऱ्या महायुद्धाआधीचे फ्लॅटहेड प्रकारचे पाच-तारी यांचे भाव वेगळ्याच जगातले, आणि नकली टोन रिंग (हेडखालचं धातूचं कडं), बदललेल्या माना यांचा सुळसुळाट तितकाच. कारखान्याच्या लॉटचा क्रमांक रिमच्या आत असतो, रेझोनेटरच्या, म्हणजे पाठीमागच्या लाकडी झाकणाच्या, आत खडूनेही लिहिलेला सापडतो. दोन्ही पाहिल्याशिवाय हात घालू नये. टेनर घेऊन पाच तारांची नवी मान लावलेले गिब्सन आम्ही घेतो, मात्र मूळ मान सोबत मिळाली तर. १९३० च्या आसपासच्या या बँजोंचा एकसंध फ्लँज (रिमभोवतीची पट्टी) जस्ताच्या मिश्रधातूचा आहे. हेड ताणणारे सगळे हूक त्यालाच ओढतात, त्यामुळे तो भोकांपाशी वर वाकतो आणि तडकतो. रेझोनेटर काढून आतला फोटो मागण्याचं कारण हेच.

आता बोली. आकडा लिलावाच्या पानावर ठरत नाही, दुरुस्तीच्या टेबलावर ठरतो. समजा, एक टेनर दुरुस्त होऊन ९०० डॉलरला जाईल. आमचा हिस्सा २५ टक्के, म्हणजे २२५ वजा, राहिले ६७५. नवं हेड ३५, फ्रेट, नट आणि घोडीचं (हेडवर तारा टेकवणाऱ्या पट्टीचं) काम १४०, दांडा बसवणं १२०: एकूण २९५ वजा, राहिले ३८०. वाहतूक ७०, राहिले ३१०. लिलावगृह खरेदीदाराकडून २५ टक्के कमिशन घेतं, म्हणून ३१० ला १.२५ ने भागायचं. बोली २४८ डॉलर, त्यावर एक सेंटही नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये विक्रीकर ६.२५ टक्के आहे. पुनर्विक्रीचा दाखला लिलावगृहाकडे आधीच दिला नाही तर तोही वरून बसतो.

ठरावीक वेळेला बंद होणाऱ्या लिलावात आम्ही शेवटच्या आठ-दहा सेकंदांत एकदाच, पूर्ण आकड्याची बोली लावतो, आणि ती गोल आकड्याची नाही, २४७.३७ अशी. आधीपासून चढवत नेलं की दुसऱ्याला विचार करायला वेळ मिळतो. काही लिलावगृहांत शेवटच्या मिनिटात बोली आली की वेळ आपोआप वाढतो. तिथे ही युक्ती फुकट, आकडा आधीच टाकून दुसऱ्या कामाला लागावं. शोधताना चुकीच्या स्पेलिंगचे बँजो आणि ‘जुनं ढोलकासारखं वाद्य’ अशा वर्णनाची पानं आवर्जून चाळतो.

कायद्याचं प्रकरण धंदा वाढल्यावर अंगावर आलं. जुन्या खुंट्या कधी कधी खऱ्या हस्तिदंताच्या निघतात. ईबेने हस्तिदंत २००९ पासून बंद केलं आणि २०१६ च्या नियमांनंतर अमेरिकेत त्याचा व्यापार जवळजवळ थांबला. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना सूट आहे, पण ती कागदांनी सिद्ध करावी लागते. म्हणून ओळख हवी. भिंगाखाली हस्तिदंतावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते, हाडावर बारीक काळे ठिपके, सेल्युलॉइडवर नुसत्या समांतर रेषा. तापलेल्या सुईची चाचणी कोणी सुचवली तर ऐकू नका; सेल्युलॉइड भस्सकन पेटतं. ते सडायला लागलं की आम्लयुक्त वाफ सोडतं आणि शेजारचे हूक हिरवे करतं, बंद पेटीत तर आणखी लवकर. खुंटीचं बटण चुरगळलं असेल तर ते आधी काढून टाकावं. ब्राझिलियन रोझवूडवर १९९२ पासून सगळ्यात कडक निर्बंध आहेत. इतर रोझवूडच्या तयार वाद्यांना २०१९ मध्ये मिळालेली सूट त्याला लागू नाही. असे नग आम्ही देशाबाहेर पाठवत नाही.

पॅकिंगमध्ये वाद्यं जितकी मोडतात तितकी शंभर वर्षांच्या वापरात मोडत नाहीत. लिलाव जिंकताच विक्रेत्याला आमचा ठरलेला निरोप जातो: तारा दोन सूर सैल करा, पण हेड सैल करू नका, घोडी काढून वेगळी गुंडाळा, टेलपीसखाली (तारांची टोकं अडकतात त्या तुकड्याखाली) कापड घाला, नाहीतर ते हेड फाडतं, खुंट्यांच्या डोक्याखाली आणि मानेच्या मध्याला आधार द्या, खोक्यात खोकं, मध्ये किमान दोन इंच भर. मान तुटते ती डोक्यापाशी, कारण पेटी पडली की जड पॉट थांबतो आणि डोकं पुढे झेपावतं.

अलीकडे पुणे-मुंबईहून विचारणा येतात. पावसाळ्यात कातडी हेड ढिलं पडतं आणि सूर टिकत नाही. उलट इथल्या हिवाळ्यात हीटरने कोरडं होऊन ते मध्यरात्री फुटतं. म्हणून भारतात जाणाऱ्या वाद्याला मायलरचं (प्लास्टिकचं) हेडच लावतो. जुने रिम मात्र आजच्या ११ इंची मापाचे असतीलच असं नाही. व्यास इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत मोजून हेड मागवावं लागतं, तेवढाही फरक असला तर हेडचं कडं खाली उतरत नाही. हूकचे नटही तीन मापांचे सापडतात, पाव इंच, ९/३२ आणि ५/१६. योग्य किल्ली आम्ही पेटीतच टाकतो. पार्सल पोचलं की पेटी चोवीस तास न उघडता खोलीत ठेवायची, मग हूकचे समोरासमोरचे नट पाव-पाव फेरा आवळत हेड ताणायचं आणि शेवटी घोडी बसवायची: मानेवरच्या नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच बाराव्या फ्रेटपासून घोडीपर्यंत, आणि जाड तारेकडे केसभर जास्त.