चर्चमधून सर्वधर्मीय गट सुरू करायला परवानगी मिळवताना: माझा अनुभव

आमच्या चर्चच्या हॉलमध्ये आता वेगवेगळ्या धर्मांची माणसं दर महिन्याला एकत्र बसतात, आजूबाजूच्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची, व्यसनात अडकलेल्या पोरांच्या घरच्यांची कामं वाटून घेतात, आणि काम संपलं की थोडा वेळ आपापल्या श्रद्धेबद्दल बोलतात. बरेच जण विचारतात की हे जमवलं कसं, दुसऱ्या धर्माच्या लोकांना तयार करणं फार कठीण गेलं असेल ना. अजिबात नाही. ते लोक पहिल्याच भेटीत हो म्हणाले. आमच्या पाळकसाहेबांनीही, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनीही, लगेच होकार दिला. घोडं अडलं ते आमच्याच कमिट्यांमध्ये, आणि त्याचा राग अजून पूर्ण गेलेला नाही म्हणून हे सविस्तर लिहितेय, म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी वेळ वाचेल.

हॉल वापरायचा तर लेखी मंजुरी पाहिजे आणि त्यासाठी एक फॉर्म भरायचा होता. त्यात ‘उपक्रमाचा प्रकार’ म्हणून तीनच पर्याय, उपासना, सुवार्ता (म्हणजे येशूचा संदेश इतरांना सांगणं) आणि समाजसेवा, आणि एकावरच खूण करायची. मी समाजसेवेवर केली, कारण आम्ही सुरुवात कामानेच करणार होतो. समाजसेवा कमिटी म्हणाली, पण तुम्ही श्रद्धेवरही बोलणार ना, इतर धर्मांचे लोक येणार ना, मग हे सुवार्ता कमिटीकडे न्या. सुवार्ता कमिटी म्हणाली, तुम्ही तर कुणाला सुवार्ता सांगायला बोलवत नाही असं लिहिलंय, मग आमचा काय संबंध, समाजसेवेकडे जा. परत तिकडे गेले तर म्हणे दोन्ही कमिट्यांची एकत्र बैठक झाल्याशिवाय आम्ही सही करू शकत नाही. ती बैठक कोण बोलावणार तर ते कुणालाच माहीत नाही! रविवारची उपासना संपली की मी दाराशी उभी राहून एकेकाला गाठायची आणि प्रत्येक जण ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून निघून जायचा. तो फॉर्म इतक्या हातांतून गेला की समासात वेगवेगळ्या शाईतले शेरे, एकाने लिहिलेलं ‘पुढे पाठवावे’ आणि त्याच्याच खाली दुसऱ्याचं ‘परत पाठवावे’, आणि जागा संपली म्हणून मागे टाचणीने आणखी एक कागद लावलेला.

मला चीड याची येत होती की नको असेल तर सरळ नको म्हणा. नाही कुणी म्हणतच नव्हतं. चर्च म्हणजे चार भिंती नाहीत, समाजात मीठ आणि प्रकाश व्हा असं आपण व्यासपीठावरून सतत ऐकतो, आणि शेजाऱ्याला आत बोलवायची वेळ आली की फाईल फिरत राहते.

शेवटी पाळकसाहेबांनी स्वतः एकत्र बैठक लावली. तिथे खरे प्रश्न बाहेर आले आणि मला वाटतं ते आधीच बाहेर यायला हवे होते. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, यातून किती जण बाप्तिस्मा घेतील? एका आईने विचारलं, आपलीच मुलं तिकडे ओढली गेली तर? तिसऱ्यांना काळजी की प्रार्थना कोणाच्या नावाने होणार. हे प्रश्न मनापासूनचे होते, त्यांना उडवून लावू नका, नीट उत्तर द्या. मी आधी कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं 1965 चं ‘नोस्त्रा एताते’ हे इतर धर्मांबद्दलचं घोषणापत्र दाखवलं होतं, ज्यात इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही असं आहे, पण आमच्याकडे लगेच ‘ते रोमन चर्चचं झालं’ असं आलं आणि विषय तिथेच थांबला.

काम केलं ते 2011 च्या एका दस्तऐवजाने, ‘बहुधर्मीय जगात ख्रिस्ती साक्ष’ (साक्ष म्हणजे आपली श्रद्धा शब्दांनी आणि वागण्यातून दाखवणं). तो वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस (अनेक पंथांच्या चर्चची जागतिक संघटना), व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादाची परिषद आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स (सुवार्तेवर भर देणाऱ्या चर्चची जागतिक संघटना) अशा तिघांनी मिळून काढलाय, त्यामुळे ‘हे आपलं नाही’ असं म्हणायला जागाच राहत नाही. सुरुवातच अशी आहे की सुवार्ताकार्य हे चर्चच्या अस्तित्वाचाच भाग आहे, ते वाचल्यावर सुवार्ता कमिटीचे चेहरे बदलले. आणि त्याच्याच पुढच्या तत्त्वांत स्पष्ट आहे की गरिबीचा, गरजेचा फायदा घेऊन कुणाला आमिष दाखवायचं नाही, सेवा ही सेवा म्हणूनच करायची, आणि दुसऱ्या धर्माबद्दल खोटी साक्ष द्यायची नाही. मग मी विचारलं की साक्ष आणि सेवा इथे एकाच कागदावर आहेत तर आपल्या फॉर्मवर त्या वेगळ्या का? बाप्तिस्म्याच्या प्रश्नाला मी बायबलमधलं 1 पेत्र 3:15 हे वचन वाचून दाखवलं, की आपल्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा पण सौम्यतेने आणि आदराने, आणि विचारायला माणूस आधी शेजारी बसलेला तर पाहिजे.

प्रार्थनेचा प्रश्न इटलीतल्या असिसी गावच्या उदाहरणाने सुटला. 27 ऑक्टोबर 1986 ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी अनेक धर्मांच्या प्रमुखांना तिथे बोलावलं, तेव्हा आधी प्रत्येकाने आपापल्या वेगळ्या जागी प्रार्थना केली आणि मग एकत्र जमून एकेकाने आपापल्या परंपरेप्रमाणे केली, बाकीच्यांनी आदराने ऐकली. एकच मिसळलेली प्रार्थना नाही. आम्हीही तेच लिहून दिलं आणि त्याच बैठकीत सह्या झाल्या. बाहेर आल्यावर मला अक्षरशः रडू आलं, इतकं हलकं वाटलं.

आता जे आठवतंय ते सांगते. फॉर्मवर एकच खूण करायची सक्ती असेल तर सोबत स्वतंत्र पत्र जोडा आणि पहिल्याच दिवशी एकत्र बैठकीची लेखी मागणी करा, तोंडी मागितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. कागद देताना पोच घ्या.

आपल्या माणसांची तयारी आधी करा, हे फार महत्त्वाचं. पहिल्याच सभेत एका मुस्लिम ताईंनी अगदी साधेपणाने विचारलं की तुम्ही तीन देव मानता का, आणि आमची बाकावरची सगळी मंडळी माझ्याकडे बघायला लागली. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) म्हणजे काय, क्रूसावरचं मरण आपल्यासाठी काय आहे, हे आपल्याला शेजाऱ्याला कळेल अशा शब्दांत सांगता आलं पाहिजे. आम्ही त्यानंतर बायबल अभ्यासात हेच घेतलं आणि त्या आईची काळजीही त्यामुळेच मिटली, कारण मुलं आता आपल्या विश्वासाबद्दल आधीपेक्षा जास्त विचारतात.

दुसऱ्यांच्या धर्माबद्दल आपण भाषण द्यायचं नाही, त्यांना त्यांच्या शब्दांत सांगू द्यायचं. वर्ल्ड कौन्सिलच्या 1979 च्या संवादाच्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे. आणि धर्मशास्त्राच्या चर्चेने सुरुवात करू नका. शेजार, मग एकत्र काम, मग श्रद्धेचं बोलणं, असा आमचा क्रम होता. एकाच आजोबांना दवाखान्यात आळीपाळीने नेणारी माणसं एकमेकांना अवघड प्रश्नही न दुखावता विचारतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तारखा ठरवताना सगळ्यांचे उपास आणि सण बघा. रमजानमध्ये संध्याकाळची सभा ठेवून ‘ते आलेच नाहीत’ म्हणणं बरोबर नाही.

आणि मंजुरीचं पत्र मिळालं की त्यावर मुदत काय लिहिलीय ते तिथल्या तिथे वाचा. आमचं एकाच वर्षाचं आहे, मधे कमिटीची निवडणूक आहे, म्हणून मी नूतनीकरणाचा अर्ज आत्ताच देऊन ठेवलाय, दोन्ही कमिट्यांना एकेक प्रत, पोचेसकट.