कार्लाइलची वीट

८ मे

१८४० साली याच तारखेला, शुक्रवारी, स्कॉटिश लेखक-इतिहासकार थॉमस कार्लाइलनं लंडनमध्ये पैगंबर मुहंमदांवर व्याख्यान दिलं. पाश्चात्त्य विचारवंत पैगंबरांविषयी काय म्हणाले, हा विषय निघाला की त्याचं नाव येतंच. पण बहुतेक वेळा अर्धवट.

त्याचा मुद्दा गवंडीकामाचा आहे. खोट्या माणसाला धर्म उभारणं सोडा, विटांचं घरही बांधता येणार नाही. चुना आणि भाजलेली माती यांचे गुण ओळखून ते पाळले नाहीत, तर घर नव्हे, ढिगारा होतो. तो बारा शतकं टिकत नाही, अठरा कोटी माणसांना आसरा देत नाही. (आकडे त्याच्या काळचे.) नुसत्या टिकण्यावरून प्रामाणिकपणा सिद्ध होतो, हे मला पटत नाही. पण ‘हा माणूस लबाड होता’ हे युरोपात शतकानुशतकं गृहीत धरलेलं उत्तर त्यानं भर सभेत मोडून काढलं, याचं मोल फार आहे. कबुतराची गोष्टही तो तिथेच सांगतो: पैगंबरांच्या कानातले वाटाणे टिपायला शिकवलेलं कबुतर म्हणे देवदूत म्हणून खपवलं गेलं. याला पुरावा काय, असं अरबीचा इंग्रज अभ्यासक पोकॉक यानं विचारलं, तेव्हा ही गोष्ट पुस्तकात देणाऱ्या डच विद्वान ग्रोशियसनं सांगितलं, पुरावा नाही.

याच व्याख्यानात त्यानं कुराणाचं वाचन कंटाळवाणं आणि विस्कळीत म्हटलं आहे. ते वाचलं सेलच्या १७३४च्या इंग्रजी भाषांतरातून. आपल्यापैकी कुणी मुसलमान होण्याचा धोका नाही म्हणून मोकळेपणानं बोलतो, हेही तो श्रोत्यांना सांगतो. गौरवाची ओळ उचलून हे गाळणं म्हणजे कार्लाइलवरही अन्याय.

फ्रेंच लेखक व्हॉल्तेरच्या बाबतीत चूक उलटी होते. १७४१ साली लील शहरात झालेल्या त्याच्या पैगंबरांवरच्या नाटकातलं खुनाचं कथानक कल्पित आहे, तरी पात्रांचे संवाद इतिहास म्हणून फिरतात. १७५६च्या इतिहासग्रंथात तोच लेखक पैगंबरांना विजेता, कायदे देणारा मानतो, ढोंगाचा आरोप मात्र सोडत नाही. विचारवंत रूसो १७६२ साली पैगंबरांची स्तुती करतो ती धर्म आणि राज्य एकत्र बांधल्याबद्दल. श्रद्धेचा तिथे प्रश्नच नाही.

म्हणून अवतरण हाती आलं की आधी साल आणि प्रकरण शोधावं. मग ते नाटक, व्याख्यान की इतिहास, हे बघावं आणि मागचा-पुढचा परिच्छेद पूर्ण वाचावा. या तिघांपैकी कुणाला अरबी येत नव्हती, हेही ध्यानात ठेवावं. ज्या अवतरणाला साल-प्रकरण सापडत नाही, ते पुढे पाठवू नये, कितीही गोड असो.

विटेपेक्षा मला कार्लाइलची दुसरी जागा जवळची वाटते. पैगंबर स्वतःचे जोडे स्वतः दुरुस्त करत, अंगरख्याला ठिगळ लावत, असं सांगून तो म्हणतो की मुकुटधारी सम्राटाचंही कुणी इतकं ऐकलं नाही, जितकं या ठिगळाच्या अंगरख्यातल्या माणसाचं ऐकलं.