न सांडलेलं दूध

मंगळवार, रात्र

सकाळी दूध उतू गेलं. मी ओट्यापाशीच उभा होतो, हातात मोबाइल, तरी गेलं. म्हणून आता वहीच स्वयंपाकघरात आणलीय. संध्याकाळचं दूध मंद आचेवर आहे.

गेले चार दिवस जोसेफ ब्लॅक डोक्यात आहे. स्कॉटलंडचा रसायनशास्त्रज्ञ, जन्म मात्र फ्रान्समधल्या बोर्दोचा, १७२८. वडील तिथे वाइनचे व्यापारी. डॉक्टरकीच्या प्रबंधासाठी त्याला मूतखड्यावरचं औषध शोधायचं होतं. त्यासाठी दिल्या जाणाऱ्या चुन्याच्या निवळीवरून एडिनबर्गमधल्या दोन प्राध्यापकांची जुंपलेली, म्हणून पठ्ठ्यानं चुना बाजूला ठेवून मॅग्नेशिया, म्हणजे मॅग्नेशियमचा पांढरा क्षार, घेतला! भांडणात पडायचंच नाही. आणि त्यातूनच, तापवायचं, तोलायचं, पुन्हा तोलायचं असं करत, १७५४ मध्ये ‘स्थिर हवा’ हाती लागली, म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड. आपल्या उच्छ्वासातही तीच असते, हे त्यानं निवळी दुधाळ करून दाखवलं. शाळेत नळीनं फुंकून आम्हीही केलं होतं. नाव कुणी सांगितलं नव्हतं.

पण मला भावला तो त्याचा बर्फ. ग्लासगोत, १७६१च्या आसपास. दोन सारखे काचेचे चंबू, एकात बर्फ, दुसऱ्यात तितकंच बर्फागत गार पाणी. दोन्ही एका मोठ्या दालनात टांगले. पाणी अर्ध्या तासात ४० अंश फॅरनहाइटला पोचलं. बर्फ वितळून तिथवर यायला साडेदहा तास लागले. वितळत असताना तापमापी हलेना, उष्णता मात्र आत शिरतच होती. हीच दहावीच्या पुस्तकातली ‘अप्रकट उष्मा’. साडेदहा तास! माझ्याच्यानं दुधाकडे दोन मिनिटं बघवत नाही.

एवढं सापडूनही गड्यानं ते छापलं नाही. वर्गात शिकवत राहिला, वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटला समजावून दिलं, वर पैसेही उसने दिले. व्याख्यानं पुस्तकरूपात आली ती १८०३ मध्ये, तो गेल्यावर, मित्र जॉन रॉबिसनमुळे. याचा मला खरंच राग येतो. अर्थात, अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथनं मरताना आपली बहुतेक हस्तलिखितं जाळायला ज्या दोघांना सांगितलं त्यांत एक हाच, आणि त्यानं जाळली. पोटात ठेवणाराच माणूस.

लग्न केलं नाही. बासरी वाजवायचा. प्रकृती तोळामासा, खाणं मोजूनमापून. १७९९च्या डिसेंबरात जेवायला बसला होता: पाव, थोडे सुके आलुबुखार, पाणी घातलेलं ठरावीक दूध. पेला हातात असतानाच प्राण गेला. रॉबिसननं लिहिलंय की पेला दोन्ही गुडघ्यांवर हातानं नीट धरलेला, एक थेंबही सांडलेला नाही. नोकर आला, झोपलेत समजून दार लोटून निघाला. परत आला तेव्हा कळलं.

मला हे वाचून आधी हसू आलं, मग बराच वेळ

वर आलं, वही ठेवतो.